तुमच्या कोपऱ्यात उद्या कोण?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं खेळ सोडण्याबद्दलची आहेत. तिन्ही महत्त्वाची वाटली, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मिरजेची. डावी मध्यरक्षक म्हणून कबड्डी खेळले आणि पुढं शाळेत पीटीची बाई झाले.

प्रश्न: ताई, 2018 च्या ऑगस्टमध्ये मी आणि सौ. लेकीकडं ऑस्ट्रेलियात टाउन्सविलला होतो. जावई एका रात्री रग्बी लीगचा सामना बघायला घेऊन गेले. जॉनथन थर्स्टन नावाच्या खेळाडूचा त्या गावातला तो शेवटचा सामना होता. खेळ मला कळला नाही, पण माझ्या शेजारची म्हातारी बाई ढसाढसा रडत होती आणि अख्खं मैदान उभं होतं. ते चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. हा माणूस होता कोण? त्यानं असं काय केलं होतं?
– एक निवृत्त वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: काका, तुम्ही फार मोठी रात्र पाहून आलात. त्यानंतर आठवडाभरानं, 1 सप्टेंबर 2018 ला, थर्स्टन गोल्ड कोस्टच्या संघाविरुद्ध अखेरचा खेळला. सगळे मिळून 323 सामने झाले आणि तो थांबला.

आधी खेळ सांगते, म्हणजे माणूस कळेल. रग्बी लीगमध्ये एका बाजूला तेरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा. चेंडू हातानं पुढं फेकता येत नाही, बाजूला किंवा मागंच द्यायचा. पायानं मात्र पुढं मारता येतो. समोरच्यांनी पकडून पाडलं की उठायचं, पायानं चेंडू मागं सरकवायचा आणि पुन्हा चढायचं. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. म्हणजे सहा संधींत काय ते करून दाखवायचं. कुठल्या पकडीनंतर चेंडू कुणाकडं जाईल, कधी पायानं उडवायचा, हे ठरवणारा जो गडी असतो तो हाफबॅक. थर्स्टन हाफबॅक होता. अंगानं किरकोळ. ब्रिस्बेनमध्ये 1983 साली जन्मलेला, तिथल्या आदिवासी समाजातला. सुरुवातीला लहान चणीमुळं त्याला क्लब घेईनात. शेवटी सिडनीच्या कँटरबरी बुलडॉग्जनं घेतलं आणि 2002 साली तो वरच्या स्पर्धेत उतरला.

2004 साली बुलडॉग्ज अजिंक्य ठरले. कप्तान स्टीव्ह प्राइस दुखापतीमुळं अंतिम सामन्याला मुकला होता, त्याच्या जागी संघात थर्स्टनची वर्णी लागली. विजेत्यांना अंगठी देतात तिथं. या एकवीस वर्षांच्या पोरानं आपली अंगठी कप्तानाला देऊन टाकली. ज्याच्यामुळं जागा मिळाली त्याची आठवण त्या वयात, त्या रात्री ठेवणं सोपं नाही. मला थर्स्टन आवडतो तो इथूनच.

2005 पासून तो टाउन्सविलच्या नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइज या संघात आला. तुम्ही तिथं गेलात तेव्हा उसाची शेतं पाहिली असतील. त्या भागात बर्डेकिन नदीचं खोरं आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत. आपल्या कृष्णाकाठच्या माणसाला ओळखीचं वाटावं असं. राज्याची राजधानी ब्रिस्बेन तिथून तेराशे किलोमीटरहून लांब. असा लांबचा, कष्टकऱ्यांचा मुलूख. संघ 1995 साली मोठ्या स्पर्धेत आला आणि पहिलं अजिंक्यपद मिळायला 2015 उजाडलं.

तो अंतिम सामना ब्रिस्बेनच्याच संघाशी होता. काउबॉइज 12–16 असे मागं. वेळ संपत असताना त्यांच्या काइल फेल्टनं समोरच्यांच्या रेषेपलीकडं अगदी कडेला चेंडू टेकवला, त्याचे चार गुण मिळाले आणि 16–16 अशी बरोबरी झाली. चेंडू टेकवल्यावर दोन खांबांमधून मारायची जादाची किक थर्स्टनची होती. ती गेली तर तिथंच जिंकले असते. चेंडू खांबावर आपटून परत आला. अशा वेळी भलेभले खेळाडू मनानं बसतात. त्यानंतर जो पहिला गुण घेईल तो जिंकेल अशी जादा वेळ सुरू झाली. समोरच्याच्या हातून चेंडू निसटला, काउबॉइजना तो मिळाला आणि थर्स्टननं पायानं एक गुण मारून 17–16 केलं. खांबाला लागलेली किक डोक्यात घोळत असताना दुसरी मारायला पुढं येणं, काका, मी खेळाडूंना शिकवताना हेच सांगत असते. त्या रात्री त्यानं आपल्या छोट्या मुलीला मैदानात कडेवर घेतलं. तिच्या हातात सावळ्या रंगाची बाहुली होती. तो फोटो देशभर गेला आणि आदिवासी समाजातल्या कितीतरी घरांत पोचला.

आणखी एक सांगते. डोक्याला मार लागू नये म्हणून तो मऊ टोप घालून खेळायचा. सामना संपला की तो टोप कडेला उभ्या असलेल्या एखाद्या मुलाला देऊन टाकायचा. अशी कितीतरी पोरं आता मोठी झाली असतील. तुमच्या शेजारच्या बाईंच्या नातवाकडंही एखादा असेल कुणी सांगावं.

क्वीन्सलंड राज्याकडून तो पहिल्या सामन्यापासून 2016 पर्यंत सलग 36 सामने खेळला. दरवर्षी न्यू साउथ वेल्स राज्याशी तीन सामन्यांची मालिका होते. तिच्यात एक सामना खेळायचा म्हणजे अंगाची चाळण होते, आणि तोवर याचा एकही चुकला नाही. 2017 च्या मालिकेतल्या एका सामन्यात मात्र खांदा निकामी झाला. त्याच खांद्यानं तो सामना पुरा खेळला आणि अखेरच्या मिनिटांत कडेवरून किक मारून राज्याला 18–16 असं जिंकून दिलं. त्या वर्षी मग तो पुन्हा खेळू शकला नाही. 2018 हे शेवटचं, हे त्यानं बरंच आधी सांगून ठेवलं होतं. ते वर्ष संघाला वाईट गेलं, बाद फेरीही गाठता आली नाही. तरी त्या रात्री मैदान भरलं ते गुणतक्त्याकडं बघून नाही. लोकांना तारीख माहीत होती. पोराबाळांना घेऊन, रजा टाकून, दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी हाकत येता आलं. निरोप द्यायला वेळ मिळाला म्हणून ती बाई रडू शकली. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडं काय होतं बघा. खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन कराडला आले, तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ते गोळेश्वरचे, म्हणजे आपलेच. पण पुढं हा मल्ल कुस्ती कधी थांबवून बसला, त्या दिवशी त्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवला का, याची नोंद कुणाला सांगता येत नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात. आपण येणाऱ्याला हार घालतो, जाणाऱ्याला विसरतो. हे मला मनापासून खटकतं आणि बदलावं असं वाटतं.

तुलनेला दुसरं उदाहरण देते. मेलबर्न स्टॉर्म या रग्बी लीगच्याच संघाचा कॅमेरॉन स्मिथ 430 सामने खेळला, त्याच्या आधी चारशेपर्यंतही कुणी पोचलं नव्हतं. 2020 साली संघानं अजिंक्यपद जिंकलं. तो थांबणार की खेळणार, हे महिनोन् महिने कुणाला कळलं नाही. मग 10 मार्च 2021 ला, नवा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, त्यानं निवृत्ती सांगितली. चाहत्यांना निरोपाचा सामना मिळाला नाही, हे मला आवडलेलं नाही. पण स्टॉर्मनं एक काम फार चांगलं केलं होतं. स्मिथची जागा हूकरची, प्रत्येक पकडीनंतर मागून चेंडू उचलणाऱ्याची. त्याच जागेचा हॅरी ग्रँट हा तरुण खेळाडू त्यांच्याकडं तयार होत होता. स्मिथ असताना त्याला खेळायला मिळणार नाही, म्हणून 2020 चं वर्ष त्याला वेस्ट्स टायगर्स या दुसऱ्या संघाकडं पाठवलं. तिथं तो भरपूर खेळला, परत आला, आणि 2024 साली तोच स्टॉर्मचा कप्तान झाला. थर्स्टनसारखं आधी सांगावं आणि स्टॉर्मसारखी जागा आधी भरून ठेवावी. माझं म्हणणं एवढंच आहे.

प्रश्न: ताई, मी वाळवा तालुक्यातला. वय 35. आमच्या मंडळाच्या संघात कित्येक वर्षं डावा कोपरा सांभाळतोय. साखर कारखान्यात कंत्राटावर आहे, गळीत हंगामात सामन्याला गेलं की खाडा पडतो. उजवा गुडघा मधेच निसटल्यासारखा होतो. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात अजून दोन वर्षं काढ. पोरं म्हणतात, दादा तुम्ही नसलात तर कोपरा उघडा पडतो. घरची म्हणते बास करा. काय करू?
– एक कबड्डीपटू

उत्तर: दादा, गुडघा आधी. निसटतो म्हणजे आतला स्नायुबंध दुखावलेला असू शकतो. मालीश, पट्टा, गोळी यावर भागवू नका. सांगली-मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तर एमआरआय करा. सामन्याआधी इंजेक्शन घेऊन उतरायचं, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, मग सुचवणारा कितीही मोठा असो. गुडघा तुम्हाला कारखान्यातही लागणार आहे आणि म्हातारपणीही.

खाड्याबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं नाही, पण नवल वाटलं नाही. वर ज्या रग्बी लीगबद्दल लिहिलं, तिचा जन्मच खाड्यातून झाला. उत्तर इंग्लंडमधले गिरणी कामगार आणि खाणमजूर शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. क्लबांचं म्हणणं होतं की बुडालेली मजुरी भरून द्यावी. वरच्या संघटनेतल्या सुखवस्तू मंडळींनी ते मानलं नाही. 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब एकत्र बसले आणि वेगळे झाले. तुमच्या मंडळाच्या बैठकीत हा विषय काढा. चषकाला, फ्लेक्सला, जेवणावळीला पैसे जमतात, तर ज्याचा खाडा पडतो त्याच्या मजुरीलाही जमायला हवेत. तुमच्यासाठी उशीर झाला असेल, तुमच्या मागच्या पोरासाठी नाही.

आता थांबण्याबद्दल. डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटलं तर एकच हंगाम खेळा आणि ते आजच सगळ्यांना सांगा. तारीख पक्की करा. गावच्या यात्रेतली स्पर्धा तुमची शेवटची, असं ठरवा. अध्यक्षांना दोन वर्षं हवी आहेत कारण त्यांच्यापुढं दुसरं नाव नाही. ते नाव तुम्ही द्या.

कसं द्यायचं, तेही सांगते, कारण हे काम मी शेजारी उभं राहून अनुभवलं आहे. सरावात नव्या पोराला कोपऱ्यात उभं करा आणि तुम्ही त्याच्या शेजारी, मध्यरक्षकाच्या जागी या. त्याचा हात धरा. चढाई करणारा बोनस रेषेपलीकडं पाय टाकतो तेव्हा मागचा पाय उचलावाच लागतो, नाहीतर बोनस धरत नाहीत. त्या एका क्षणी तो एका पायावर असतो आणि घोटा कोपऱ्याच्या हाताशी येतो. हे पोराला तोंडानं सांगून कळत नाही. तुमच्या हाताला बसलेला झटका त्याच्या हातात गेला पाहिजे. आधी तो उशिरा झेपावेल, मग फार लवकर झेपावून गुण देऊन बसेल. देऊ दे. त्याच्यावर ओरडू नका आणि अध्यक्षांनाही ओरडू देऊ नका. निम्मा हंगाम गेला की छोट्या स्पर्धांत त्यालाच उतरवा आणि तुम्ही बाकावर बसा. बाकावर बसणं जड जाईल, मला माहीत आहे. त्यानं पहिला घोटा धरला की मात्र तुम्हाला सगळ्यात आधी उठून उभं राहावंसं वाटेल.

यात्रेच्या सामन्याला घरच्यांना पुढच्या रांगेत बसवा. इतकी वर्षं त्यांनीही काढली आहेत.

प्रश्न: बाई, मी कराडची. शाळा-कॉलेजात चढाई करायचे, सातारा जिल्ह्याकडून खेळले. लग्न झालं आणि खेळ सुटला. कधी शेवटचा सामना झाला तेही आठवत नाही. आता मुलगी खेळते. तिला सोडायला मैदानावर जाते आणि जीव कासावीस होतो. माझी निवृत्ती झाली असं म्हणायचं की काय? या वयात मला खेळात कुठं जागा आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या संघातल्या बहुतेक मुलींचं असंच झालं. हळद लागली आणि पुढच्या सरावाला त्या आल्या नाहीत. कुणी पत्रक काढलं नाही, कुणी फोटो काढला नाही. कप्तान होती तीही अशीच गेली. आम्ही उरलेल्यांनी तिच्या जागी दुसरी उभी केली आणि खेळत राहिलो. त्याला निवृत्ती म्हणता येत नाही, ती तुमच्याकडून काढून घेतलेली गोष्ट आहे. ती थोडी तरी परत मिळवता येते.

दोन वाटा आहेत. पहिली पंच होण्याची. कबड्डी संघटना पंच परीक्षा घेतात. तुमच्या जिल्हा संघटनेकडं जाऊन पुढची परीक्षा कधी आहे, फॉर्म कसा भरायचा ते विचारा. नियम बरेच बदलले आहेत, तेव्हा नवी नियमपुस्तिका घ्या आणि सामने बघताना वही घेऊन बसा. मुलींच्या सामन्यांना बायका पंच कमी पडतात, तुमची गरज आहे. दुसरी वाट तुमच्या रोजच्या वाटेवरच आहे. मुलीला सोडून मैदानाबाहेर थांबता, त्या वेळात आत जा. पकड शिकताना, पडायचं कसं ते शिकताना, वयात येणाऱ्या मुलींना जवळ एक बाई असली की फार फरक पडतो. पाळीच्या दिवसांत सराव करायचा की नाही, हे त्या सरांना विचारत नाहीत. तुम्हाला विचारतील.

त्यांच्या सरांना उद्याच भेटा. जिल्ह्याकडून खेळल्याचं जुनं प्रमाणपत्र सापडलं तर सोबत न्या. ते मागतील असं नाही, तरी न्या. आणि साडीवर जाऊ नका, ट्रॅकपँट घालून जा, म्हणजे त्याच संध्याकाळी मॅटवर उतरता येईल.