एकपानी वेबसाइटचं टूल काढू का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एक योगायोग जुळून आलाय. बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच कल्पना घोळतेय : कोडिंग न येणाऱ्याला काही मिनिटांत एका पानाची वेबसाइट बनवून देणारं टूल. कोणी नुसता विचार करतंय, कोणी बनवून मोकळं झालंय, तर कोणाकडे ग्राहकही आलेत. त्याच क्रमाने प्रश्न घेतो.

प्रश्न : मी वेब डेव्हलपर आहे. मजकूर आणि फोटो टाकले की पाच मिनिटांत साइट तयार, असं टूल बनवलंय. पण विक्स, स्क्वेअरस्पेस, वर्डप्रेस अशी साइट बनवायची मोठी साधनं असताना माझ्यासारख्याला जागा आहे का?

जागा आहे, आणि ते सिद्धही झालेलं आहे. ‘कार्ड’ (Carrd) ही एकपानी साइट बनवणारी सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. तेव्हा विक्सला दहा वर्षं झाली होती. स्क्वेअरस्पेस आणि वर्डप्रेस तर २००३ पासूनची. तरीही एकट्या माणसाने काढलेली ही सेवा तगली आणि वाढली. तीन साइट फुकट, आणि पैसे भरायचे तर वर्षाला ९ डॉलरपासून पुढे. तेव्हा मोठ्यांच्या बाजारात छोट्याचं काय चालणार, ही भीती सोडून द्या.

तुमची खरी अडचण मोठ्यांची नाहीच, ‘कार्ड’ची आहे. सोपं, स्वस्त आणि एकच पान, हे तिन्ही दावे त्याने आधीच करून ठेवलेत, आणि निभावलेतही. त्याच्या कर्त्याकडे आणखी एक गोष्ट होती. ‘एचटीएमएल फाइव्ह अप’ या नावाने तो आधीपासून फुकट टेम्प्लेट वाटत होता, त्यामुळे टूल आलं तेव्हा त्याचं काम ओळखणारी माणसं आधीच होती. तुमच्याकडे तसं काय आहे? पत्रात टूलबद्दल दीड पान आहे, ग्राहक तुमच्यापर्यंत कसा पोचेल यावर एक ओळही नाही.

‘वेबसाइट हवी असलेला कोणीही’ असा ग्राहक नसतो. एक गट निवडा आणि तो आज काय करून वेळ भागवतो ते बघा. तुमची स्पर्धा तिथे आहे. इन्स्टाग्रामचं प्रोफाइल, लिंकट्रीवरची लिंकांची यादी, नकाशावरची व्यवसायाची नोंद, पुढे ढकललेली पीडीएफ. हे सगळं फुकट आहे आणि त्याचं काम बरं चाललंय.

उदाहरणादाखल कार्यशाळा घेणारा प्रशिक्षक घ्या. त्याला पुढच्या बॅचची तारीख, उरलेल्या जागा, फी भरायची सोय, नोंदणी झाल्यावर जाणारं उत्तर आणि बॅच भरली की आपोआप बंद होणारा फॉर्म हवा असतो. फॉन्ट आणि रंग त्याच्या यादीत शेवटी. तारीख उलटून गेली तरी पानावर ‘त्वरा करा’ झळकत राहिलं की त्याची शोभा होते. हे सगळं मुळातच ठाऊक असलेलं टूल त्याला दाखवलंत, तर तो विक्सशी तुलना करत बसणार नाही. शिवाय प्रशिक्षक एकमेकांना ओळखतात, त्यांचे गट असतात. एकाचं काम झालं की दुसऱ्याला कळतं. दुसरा गट निवडलात तरी हरकत नाही, पण त्या गटाची माणसं एकमेकांशी बोलत असावीत, ही अट मी सोडणार नाही.

प्रश्न : कल्पना तपासण्यासाठी ऑनलाइन सर्व्हे केला. बहुसंख्य लोकांनी ‘असं टूल नक्की वापरू’ असं लिहिलं. एवढ्यावर नोकरी सोडावी का?

नाही. ‘वापराल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला काही लागत नाही. माणसं भिडस्त असतात, आणि सर्व्हे ओळखीच्यांकडेच आधी जातो.

भविष्याबद्दल विचारू नका, घडून गेलेलं विचारा. मागच्या वर्षभरात वेबसाइट करायचा प्रयत्न केलात का? कुठे अडलात? कोणाला पैसे दिलेत, किती? ती साइट आज चालू आहे का, शेवटचा बदल कधी केलात? ज्याने प्रयत्नच केला नाही त्याला वेबसाइटची गरज भासलेली नाही. टूल कितीही सोपं झालं तरी तो ती बनवणार नाही.

त्यानंतर दहा जणांची पानं हाताने बनवून द्या, पैसे घेऊन. टूल बाजूला ठेवा. यातून काय दिसेल ते सांगतो : पान बनवायला तुम्हाला अर्धा तास लागेल आणि मजकुराची वाट बघण्यात दोन आठवडे जातील. ‘आमच्याविषयी’ या रकान्यात काय लिहावं ते लोकांना सुचत नाही, फोटो अंधारलेले असतात, भाव लिहायला ते कचरतात. ड्रॅग-ड्रॉप जमत नाही म्हणून अडलेला माणूस तुम्हाला क्वचितच भेटेल. तुमच्या टूलने नेमकी कुठली अडचण सोडवायची, ते या दहा पानांवरून ठरेल. आणि ती बहुधा आत्ता तुमच्या प्रोटोटाइपमध्ये नाही.

किती जणांनी खातं उघडलं हा आकडा फसवा असतो. किती जणांनी स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा वेब पत्ता) जोडलं आणि दुसऱ्या महिन्यात कितींनी पानात काही बदल केला, हे दोन आकडे बघा. ते बरे असतील तर नोकरीचा विषय काढू.

प्रश्न : महिन्याला २ डॉलर ठेवायचा विचार आहे. इतकं स्वस्त असल्यावर कोणी नाही म्हणणार नाही. बरोबर ना?

ग्राहक नाही म्हणणार नाही, हिशोब म्हणेल. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या स्ट्राइप या सेवेचा अमेरिकेतला कार्ड पेमेंटचा जाहीर दर २.९ टक्के अधिक ३० सेंट असा आहे. २ डॉलरच्या व्यवहारात सुमारे ३६ सेंट जातात, म्हणजे जवळपास १८ टक्के. बारा महिन्यांचे मिळून ४ डॉलर ३० सेंट. तेच २४ डॉलर वर्षाचे एकरकमी घेतलेत तर एकच डॉलर जातो. दुसऱ्या कुठल्याही सेवेत आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दर व्यवहारामागे ठरावीक रक्कम कापली जाते तिथे लहान लहान हप्ते मार खातात.

याहून मोठा मुद्दा गळतीचा. एकपानी साइटची गरज बरेचदा संपणारी असते : कार्यक्रम झाला, नोकरी लागली, मोहीम आटोपली. दर महिन्याला १०० पैकी ६ ग्राहक गेले तर वर्षाअखेर निम्मेही उरत नाहीत. ४८ च्या आसपास राहतात. दरमहा बिल पाठवणं म्हणजे ‘आता हे बंद करू का?’ असा प्रश्न ग्राहकाला वर्षातून बारा वेळा विचारणं. म्हणून अशा वस्तूला वार्षिकच दर हवा. आणि तेराव्या महिन्यात हा माणूस पुन्हा पैसे का भरेल, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. ‘पान सुंदर आहे’ हे उत्तर चालणार नाही. ‘त्याच्या नोंदण्या इथून येतात’ हे चालेल.

उलटा हिशोबही एकदा मांडा. वर्षाला ६०,००० डॉलर हवेत आणि दर २४ असेल, तर २,५०० पैसे भरणारे ग्राहक लागतात. फुकट वापरणाऱ्या शंभरातले तीन पैसे भरतात असं धरलं, तर ८० हजारांहून अधिक लोकांनी खातं उघडायला हवं. ते कुठून येणार? जाहिरात देऊन आणणं या दरात परवडत नाही. ‘या टूलने बनवलं’ ही फुकट पानांच्या तळाशी असलेली ओळ उपयोगी पडते. १९९६ मध्ये हॉटमेलने प्रत्येक ईमेलखाली अशीच ओळ टाकली होती आणि ती कमालीची चालली. पण कोणीतरी ते पान पाहिलं तरच ती ओळ दिसणार. दिवसाला चार जण बघतात अशा पानांवरून काहीच पसरत नाही. दर वाढवणं हा सोपा मार्ग आहे, आणि ठरावीक गटाचं ठरावीक काम करून देणाऱ्याला तो वाढवता येतो. प्रशिक्षकाच्या एका जास्तीच्या विद्यार्थ्याची फी तुमच्या वर्षभराच्या दरापेक्षा जास्त असेल, तर २४ वर अडून राहायचं कारण नाही.

प्रश्न : आता एआय एका वाक्यावरून अख्खी साइट लिहून देतं. मग ही कल्पना कालबाह्य झाली का?

पान बनवून देणं एवढीच कल्पना असेल तर हो, झाली. पण लेआउट हा या कामातला कठीण भाग कधीच नव्हता. एआयचा चांगला उपयोग मजकुराचा पहिला मसुदा मिळवण्यात आहे. वर म्हटलेलं दोन आठवड्यांचं थांबणं त्यामुळे बरंच कमी होतं.

पान तयार झाल्यावरचा त्रास मात्र शिल्लक राहतो. ग्राहकाने डोमेन एकीकडे घेतलेलं असतं, पासवर्ड भाच्याकडे असतो. डीएनएसच्या (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांप्रमाणे मूळ डोमेनवर सीनेम नोंद, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणारी नोंद, ठेवता येत नाही, ती ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेल्या पत्त्यावर चालते. हे त्याला समजावता समजावता तुम्ही नको ती नोंद बदलायला सांगितलीत तर त्याचं ईमेल बंद पडतं. फॉर्मवरचा स्पॅम, सर्टिफिकेटचं नूतनीकरण, फोनवर तिरपी दिसणारी चित्रं, हे सगळं कोणीतरी निस्तरावं लागतं. ग्राहक पैसे मोजतो ते बहुतांशी यासाठी.

प्रश्न : फुकट योजना चालू केली आणि काही आठवड्यांत ब्राउझर आमच्या डोमेनवर लाल इशारा दाखवू लागला. चूक कुठे झाली?

तुमच्याकडे फसवणूक करणारे येऊन गेले. एका पानात बँकेसारखा दिसणारा लॉगिन फॉर्म, फुकट, ओळखपत्र न मागता, तेही विश्वासार्ह कुलूपचिन्हासह : त्यांना आणखी काय हवं? फुकट पानं देणाऱ्या प्रत्येक सेवेकडे ते येतातच. गूगलच्या सेफ ब्राउझिंगसारख्या धोकादायक साइटच्या यादीत तुमचं डोमेन गेलं की प्रामाणिक ग्राहकांच्या पानांवरही तोच इशारा दिसतो.

आधी ती पानं उतरवा आणि फेरतपासणीची विनंती पाठवा. मग रचना बदला. तुमची स्वतःची साइट आणि लॉगिन एका डोमेनवर, ग्राहकांची पानं दुसऱ्याच डोमेनवर. प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहबनेही २०१३ मध्ये सुरक्षेच्या कारणासाठी लोकांची पानं ‘गिटहब डॉट कॉम’वरून ‘गिटहब डॉट आयओ’वर हलवली होती. त्या दुसऱ्या डोमेनची नोंद पब्लिक सफिक्स लिस्टमध्ये करून घ्या, म्हणजे ब्राउझर प्रत्येक उपडोमेनला स्वतंत्र साइट मानतो आणि एका पानाच्या कुकीज (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी) दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत. फुकट खात्यात पासवर्डचा रकाना बनवूच देऊ नका; नव्या खात्याचं पहिलं पान प्रसिद्ध होण्याआधी एकदा नजरेखालून घाला. तक्रारीचा ईमेल पत्ता ठळक ठेवा आणि तो रोज उघडा. होस्टिंगचा खर्च किरकोळ असतो, फुकट योजनेची खरी किंमत ही आहे. एकट्याने हे सांभाळणं जड जात असेल तर फुकट योजना बंद करून १४ दिवसांची चाचणी ठेवा. मी तरी तेच करीन.

प्रश्न : ग्राहक दुसरं पान, ब्लॉग, दुकान मागतात. देऊ का?

लगेच देऊ नका, का हवंय ते विचारा. बरेच जण शोधात दिसावं म्हणून मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे : सर्च इंजिन पानागणिक नोंद घेतं, एका पानाला एकच शीर्षक असतं, आणि एकाच पानावरचे विभाग वेगळी पानं म्हणून धरले जात नाहीत. पाच वेगळ्या सेवा देणाऱ्याला एक पान अपुरंच पडणार. त्याला तसं सांगा आणि दुसरीकडे जाऊ द्या. दुकान जोडलंत की तुम्ही विक्स बनायला निघालात, त्यांच्या माणसांशिवाय आणि त्यांच्या पैशाशिवाय.

प्रश्न : गुंतवणूकदार शोधावा का?

बहुतेकांनी शोधू नये. लिंकट्रीचं मूल्यांकन २०२२ मध्ये १.३ अब्ज डॉलरवर गेलं, वीब्ली हे साइट बनवायचं टूल २०१८ मध्ये ३६.५ कोटी डॉलरना विकलं गेलं, ही उदाहरणं खरी आहेत. पण तो पैसा घेतला की तेवढंच मोठं व्हावं लागतं, आणि ठरावीक गटाला धरून चालणारा धंदा तेवढा मोठा होत नाही. दोन माणसांचं घर चालवायला मात्र तो पुरतो.

प्रश्न : ग्राहक विचारतात, ‘तुम्ही बंद पडलात तर आमच्या साइटचं काय?’ काय सांगायचं?

त्यांचा प्रश्न रास्त आहे. छोटेच बंद पडतात असंही नाही. याहूने १९९९ मध्ये अब्जावधी डॉलरना घेतलेलं, लोकांना फुकट साइट देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद केलं. गूगलने व्यवसायांच्या प्रोफाइलबरोबर मिळणाऱ्या फुकट साइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. या दुसऱ्या प्रसंगात नेमकी तुमच्या ग्राहकांसारखीच माणसं अडकली.

तोंडी भरवसा देऊ नका, पान डाउनलोड करून घ्यायचं बटण द्या. एक एचटीएमएल फाइल, चित्रं आणि फॉर्मवर आलेल्या नोंदींची यादी, एवढंच झिपमध्ये घालायचं आहे. एकपानी साइटला हे तांत्रिकदृष्ट्या सोपं जातं आणि विक्रीच्या वेळी दाखवताही येतं. बंद करायची वेळ आलीच तर किती महिने आधी कळवाल, तेही अटींमध्ये लिहा. आणि डोमेन ग्राहकाच्याच नावावर आणि त्याच्याच खात्यात घ्यायला लावा, ‘तुम्हीच घेऊन टाका हो’ असं त्याने कितीही म्हटलं तरी.