मोठी झालेली सल्काटा कासवं फ्लॅटमध्ये ठेवावीत की गावच्या परड्यात?

सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये तुमची दोन मोठी सल्काटा आहेत, तासगावला घरामागं मोकळं परडं आहे, आणि त्यांना तिकडं हलवावं का, पावसाळ्या-थंडीचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर सरळ आहे: हलवा. पण आधी त्यांच्यासाठी कोरडी, उबदार खोली बांधा आणि मगच हलवा. नुसतं कुंपण घालून सोडलं तर पहिल्याच पावसाळ्यात आजारी पडतील.

मी साताऱ्यात राहते, माझा एक नर सल्काटा आहे आणि तो बारा महिने अंगणातच असतो. हा प्राणी सहाराच्या दक्षिण कडेचा, कोरड्या गवताळ मुलखातला. आपला एप्रिल-मे त्याला मानवतो, फक्त सावली आणि भिजवलेल्या मातीचा एक खड्डा लागतो. त्याला सोसत नाही ते गार आणि ओलं एकत्र आलेलं, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट. नाकातून पाणी, श्वास घेताना नाकपुडीशी फुगा, तोंड उघडून श्वास, ही फुफ्फुसाच्या आजाराची लक्षणं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडं न्या.

फ्लॅट का नको? फरशीवर पाय घसरतात, सांधे दुखावतात. काचेतून आत आलेल्या उन्हात यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळं खिडकीतलं ऊन कितीही छान दिसलं तरी कवच आणि हाडांना त्याचा उपयोग नाही. यूव्हीबीची नळी लावता येते, पण ती उजेड देत राहिली तरी किरण कमी होत जातात, दर वर्षाला बदलावी लागते. शिवाय पूर्ण वाढलेलं सल्काटा चाळीस-पन्नास किलोचं होतं, नर त्याहून मोठेही होतात. एवढा प्राणी दिवसभर चरत फिरणारा. त्याला बाल्कनीत ठेवणं मला पटत नाही, हे मी स्पष्टच सांगते.

आता खोली. तासगावकडं काळी माती असेल तर तिच्यात त्यांना बीळ करू देऊ नका. पावसात ती चिकट होते, उन्हात भेगाळते, आणि बीळ आत ढासळू शकतं. फूटभर उंचीचं जोतं घ्या, मुरूम धुम्मसून घट्ट करा, वर विटांच्या भिंती. दोन्ही जनावरांना आत सहज वळता आलं पाहिजे. दार पूर्वेला ठेवा, कारण आपल्याकडं पावसाची झड पश्चिमेकडून येते आणि सकाळचं कोवळं ऊनही थेट आत पडतं. पत्र्याखाली थर्माकोल लावलात तर त्यावर प्लायवूड ठोकाच, खालचा तुकडा निघाला की ती खातात. दाराला जाड रबरी पट्ट्यांचा पडदा, आणि जोत्यावर चढायला खरबरीत, कमी चढाचा उतार. भाताचा पेंढा टाकणार असाल तर ओला झाला की त्याच दिवशी काढा, बुरशी धरतो.

उबेसाठी एकच बल्ब पाठीवर टांगू नका. मोठ्या कासवात असं होतं की कवचाचा वरचा भाग भाजून निघतो आणि पोट गारच राहतं. मी ऑइल हीटर वापरते, पुढं लोखंडी जाळी घट्ट बसवलेली आणि थर्मोस्टॅट लावलेला. खोली रात्री वीसच्या खाली जाऊ देत नाही. डिसेंबर-जानेवारीत बाहेर पारा दहा-बारावर येतो, तेव्हा संध्याकाळी ऊन उतरलं की पठ्ठ्या आपण होऊनच आत जातो. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळं 'थंडीत झोपतात' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लाइट जाते, म्हणून खोली स्वतःच ऊब धरणारी हवी.

कुंपणाला तारेची जाळी नको. पलीकडचं दिसलं की कासव तिथंच ढुशा देत बसतं, आणि जाळीत पाय अडकतो. माझ्याकडं फाटकाखालच्या फटीतून उजेड दिसायचा, तेवढ्या फटीवर तो तासन्‌तास डोकं घासायचा. फटीला फळी मारली आणि त्याचं तिकडं लक्षच गेलं नाही. दोन फूट उंच वीट-बांधकाम करा, पाया दीड फूट खाली न्या, आणि कुंपण घराच्या जोत्यापासून लांब ठेवा, कासवं घराच्या पायाच्या खाली उकरतात. एक गुंठा मिळाला तर उत्तम. मोकाट कुत्री आत येणार नाहीत हे बघा, कासवाला सगळ्यात जास्त इजा तीच करतात.

परड्यात कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी असेल तर मुळासकट काढा. हरळी आणि मारवेल वाढू द्या, मुख्य खाणं गवतच. जास्वंदीची पानं-फुलं, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे, तुतीची पानं चालतात. लसूणघास थोडाच, प्रथिनं जास्त. केळं, चपाती, दूधभात अजिबात नको. आणि तासगावात एक गोष्ट विसरू नका: द्राक्षबागेतली पानं किंवा बांधावरचं गवत फवारणीचं असतं. शेजाऱ्यानं प्रेमानं भारा आणून दिला तरी नाही म्हणा.

दोन्ही नर असतील तर एकत्र ठेवू नका. हनुवटीखालच्या शिंगानं एकमेकाला उलथतात, आणि भर उन्हात उताणं पडलेलं मोठं कासव तासाभरात मरू शकतं. मधे भिंत घाला. नर-मादी असले तरी मादीला आडोसा लागतोच, नर सतत मागं लागतो.

कागदपत्रांचंही बघा. सल्काटा परदेशी आहे आणि सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात येतं, त्यामुळं २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मात्र पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव असेल तर ते पाळणं गुन्हाच आहे, वनविभागाला कळवा. जमिनीवरचं कुठलंही कासव कृष्णेत सोडू नका, त्याला पोहता येत नाही. सांगलीत ठेवणाऱ्यांनी पुराचा विचार आधीच करावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि चाळीस किलोचं जनावर ऐनवेळी एकट्याला उचलत नाही.

हलवायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हलवा, म्हणजे पाऊस लागेपर्यंत त्यांना खोलीची सवय होते. पहिले काही दिवस रोज संध्याकाळी हातानं आत न्यावं लागेल. दोघांच्या शेपटीचे आणि पोटाकडच्या कवचाचे फोटो टाका, नर की मादी ते बघून सांगते. भिंत घालायची की नाही ते त्यावरच ठरेल.