लाँगबो घ्यायचा, पण कोणता?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी दोन वर्षे इंग्लंडमध्ये, लीड्स येथे राहत आहे. येथील धनुर्विद्येच्या क्लबमध्ये वर्षभर ३० पौंडांच्या (म्हणजे पूर्ण खेचण्यास तेवढा जोर लागणाऱ्या) रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या, धनुष्याने सराव केला. पोर्ट्समथच्या संग्रहालयात ‘मेरी रोज’ या जहाजावरील धनुष्ये पाहिल्यापासून मला इंग्लिश लाँगबोची, म्हणजे तिथल्या जुन्या लांब लाकडी धनुष्याची, ओढ लागली आहे. क्लबमधील जुनी मंडळी मात्र अमेरिकन फ्लॅटबो हे चपट्या आकाराचे धनुष्य सुचवतात. मी ५० पौंडांचा इंग्लिश लाँगबो घ्यावा का?

उत्तर : इंग्लिश लाँगबो अवश्य घ्यावा, परंतु ५० पौंडांचा मुळीच घेऊ नये. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या त्या जहाजावरील बहुतेक धनुष्यांचा ताण शंभर पौंडांहून अधिक असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण ती ओढणारे लोक लहानपणापासून त्याच कामात मुरलेले होते. झेपत नसलेल्या धनुष्याने खांदा दुखावतो आणि दोरी अर्धवटच खेचण्याची सवय लागते, जी पुढे सुटता सुटत नाही. आपल्यासाठी ३५ पौंड पुरेसे आहेत.

आता आकाराविषयी. इंग्लिश लाँगबोची पाती, म्हणजे मुठीच्या वरचा व खालचा वाकणारा भाग, अरुंद व जाड असतात. धनुर्धराकडील बाजू, म्हणजे धनुष्याचे पोट, गोलाई घेतलेले असते आणि पाठ चपटी असते. या आकारात लाकडावर फार ताण येतो, म्हणून धनुष्य साधारण माणसाच्या उंचीएवढे किंवा त्याहून लांब ठेवावे लागते. यू वृक्षाला इतका मान मिळाला तो याचमुळे, कारण त्याचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते आणि आतला लालसर गाभा दाब सोसतो. चांगले यू आज महाग पडते. हिकरी लाकडाची किंवा बांबूची पाठ लावून थर चिकटवलेले धनुष्य तुम्हाला उत्तम चालेल.

फ्लॅटबोची पाती रुंद व पातळ असल्याने ताण पसरतो आणि साधे लाकूडही टिकते. १९३० च्या दशकात अमेरिकन संशोधकांनी मोजमापे करून हा आकार पुढे आणला. तरी डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथे सापडलेले सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे एल्म लाकडाचे धनुष्यही रुंद पात्यांचेच आहे, हे मला फार मोलाचे वाटते. फ्लॅटबोची मूठ ताठ असते आणि बहुधा बाण टेकण्यास तिथे खाच असते, त्यामुळे रिकर्व्हवरून येणाऱ्याचा नेम लवकर बसतो. क्लबमधील मंडळींचा सल्ला त्या दृष्टीने योग्यच आहे. इंग्लिश लाँगबोवर बाण थेट बोटाच्या पेरावर टेकतो, पिसे हाताला घासतात, म्हणून हातमोजा लागतो. शिवाय बाणाला मुठीला वळसा घालून जावे लागत असल्याने त्याची लवचिकता धनुष्याशी जुळणे अधिक महत्त्वाचे ठरते. तरीही आपले मन जिथे आहे तिथेच सराव टिकेल, असे मला वाटते.

खरेदीपूर्वी आपली ओढ, म्हणजे आपण दोरी किती लांब खेचता ते अंतर, इंचांत मोजून घ्या. धनुष्यावरील पौंड बहुधा २८ इंचांच्या ओढीचे असतात; आपली ओढ ३० इंच असेल, तर कारागिराला तसे आधीच सांगा, नाहीतर लाकूड मोडण्याची भीती असते. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका आणि सराव संपताच ती उतरवून ठेवा.