पाकीट नवं, आत काय? जुन्या गाड्यांच्या पार्टबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी १९८६ची पेट्रोल अँबॅसडर आहे. पाऊस संपल्यावर पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर असा डिस्ट्रिब्यूटरचा (प्लगना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागाचा) सगळा सेट नवा टाकला. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, साखरप्यापर्यंत मस्त चालते. आंबा घाट लागला की मिसिंग सुरू होतं आणि मधेच बंद पडते. अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. मिस्त्री म्हणतात कार्बोरेटर खोलू. खोलावा का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: इतक्यात नको. त्रास नवा सेट टाकल्यावर सुरू झालाय आणि गाडी गरम झाली की होतोय, म्हणजे पहिला संशय रोटर आणि कंडेन्सरवर. पेट्रोल कमी पडतंय की करंट, हे ठरवायची वेळ एकच: गाडी बंद पडल्याबरोबर, गार व्हायच्या आत. एका प्लगची वायर काढा, तिला सुटा प्लग लावा, त्याचं अंग इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक असेल तर पेट्रोलकडे वळा. पिवळट, मरतुकडी किंवा गायबच असेल तर कार्बोरेटरचा काही दोष नाही.

आता रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमध्ये फिरत एकेका प्लगला करंट देणारा तुकडा. स्वस्त रोटरचं काळं प्लॅस्टिक कमी प्रतीचं असतं आणि पितळी पट्टी रिव्हेटनं ठोकलेली असते. रिव्हेटचं खालचं टोक डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टजवळ येतं. गरम झालं की करंट प्लॅस्टिकमधून आरपार शाफ्टकडे जातो आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. तपासणी अशी: डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढा, रोटर जागेवर राहू द्या. कॉइलची (बॅटरीच्या करंटचा दाब वाढवणाऱ्या भागाची) जाड वायर कॅपमधून उपसा आणि तिचं टोक रबरी मुठीच्या कोरड्या पकडीनं रोटरच्या पितळी पट्टीच्या मध्यावर ५-६ मिमी अंतरावर धरा. सेल्फ मारल्यावर टोकातून रोटरवर एकामागून एक ठणठणीत ठिणग्या पडल्या तर रोटरमधून करंट शाफ्टकडे गळतोय, रोटर बाद. एखादी पुसट ठिणगी दिसली तर ती मोजू नका. जवळपास पेट्रोलचा वास येत असेल तर हा उद्योग मुळीच करू नका. नवा घेताना रिव्हेट नसलेला, पट्टी प्लॅस्टिकमध्येच ओतलेला रोटर मागा. जुना रोटर अजून घरात असेल तर तो पुसून बसवा आणि घाट चढून बघा. वीस वर्षं चाललेला रोटर पाकिटातल्या नव्यापेक्षा बरा असू शकतो.

कंडेन्सरचंही (पॉइंट उघडताना तिथली ठिणगी आवरणाऱ्या बारक्या डबीचंही) तसंच. मल्टिमीटरवर साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड यायला हवेत. थंडीत आकडा बरोबर येतो म्हणून हुरळून जाऊ नका. केस वाळवायच्या ड्रायरनं कंडेन्सर चांगला गरम करून पुन्हा मोजा, आकडा ढळला तर माल बाद. मल्टिमीटरची बॅटरी फार कमी व्होल्टची, म्हणून त्यात पास झालेला कंडेन्सरही गाडीत नापास होऊ शकतो. आडमार्ग म्हणजे कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरमधून बाहेर काढून कॉइलजवळ लावायचा. वायर कॉइलच्या ज्या टोकातून पॉइंटकडे तार जाते त्या टोकाला, आणि अंग बॉडीला घट्ट अर्थ. इंजिनच्या उष्णतेपासून लांब राहतो आणि बदलायलाही दोन मिनिटं पुरतात.

पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. त्याच्याकडे बघायचं ते त्याच्या टाचेसाठी. कॅमवर घासणारा फायबरचा ठोकळा हलक्या मालात भराभर झिजतो. टाच झिजली की पॉइंट उघडतात तो गॅप मिटत जातो आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. घाटात दम जातो, इंजिन तापतं, आणि दोष रेडिएटरला दिला जातो. तुमच्या गाडीला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. बसवताना कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं, उष्णतेत न वितळणारं ग्रीस लावा. त्याहून जास्त लावलंत तर ते उडून पॉइंटवर जाईल आणि पॉइंट जळतील. ३०० किलोमीटरनंतर फिलर गेजनं पुन्हा मोजा. गॅप ०.३०च्या खाली गेला असेल तर तो सेट काढून टाका, पुन्हा गॅप करत बसू नका.

पॉइंट सारखे निळे पडून जळत असतील तर कॉइलही मोजा. रेझिस्टर नसलेल्या वायरिंगला कॉइलच्या दोन बारीक टोकांमध्ये साधारण ३ ओम हवेत. दीड ओमची कॉइल गळ्यात मारली असेल तर करंट दुप्पट जातो आणि कितीही चांगला पॉइंट टाका, तो जळणारच.

प्रश्न: प्रीमियर पद्मिनीचा पेट्रोलचा पाइप गेल्या वर्षीच बदलला होता. आता कार्बोरेटरच्या वाटीत काळा चुरा सापडतो आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. (वाचक, गुहागर)

उत्तर: डिपस्टिकला पेट्रोलचा वास असेल तर गाडी चालू करू नका. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या) रबरी पडदा फाटला की पेट्रोल इंजिनात उतरतं, ऑइलची पातळी वर येते आणि पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग खलास होतात. आधी पंपाचा पडदा बदला, मग ऑइल आणि फिल्टर.

चुरा आणि फाटलेला पडदा यांचं मूळ बहुधा एकच. रस्त्यावरच्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पद्मिनीच्या काळातलं रबर याच्यासाठी केलेलं नव्हतं, आणि बाजारातला स्वस्त पाइप त्याहूनही वाईट. तो आतून फुगतो, मऊ होतो आणि सुटत जातो, बाहेरून मात्र नवाकोरा दिसतो. दुकानात ‘पेट्रोल पाइप’ एवढंच मागू नका. पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप बघा. त्याच्या आतला थर फ्लुओरोकार्बन रबराचा, म्हणजे व्हायटॉनच्या जातीचा असतो. मीटरला कितीतरी जास्त पैसे पडतील, पण अख्ख्या गाडीला लागतो थोडाच, त्यामुळे इथे काटकसर कशाला? पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरच्या अॅक्सिलरेटर पंपाचा पडदाही इथेनॉल चालणाऱ्या रबराचाच मागा.

छापही खोटा असू शकतो. म्हणून पाइपचा ५० मिमीचा तुकडा काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत पेट्रोलमध्ये आठ दिवस ठेवा, घराबाहेर सावलीत. काढल्यावर लांबी मोजा, आतून नख ओढा. दोन-तीन मिमी वाढला, नख काळं झालं किंवा पेट्रोलला रंग आला, तर उरलेला पाइप दुकानदाराला परत करा.

आपल्याकडचा आणखी एक त्रास: गाडी जूनपासून गणपतीपर्यंत उभी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. पावसाळ्याआधी टाकी एक तर रिकामी करून कोरडी करा किंवा गळ्यापर्यंत भरून ठेवा. अर्धी ठेवणं सगळ्यात वाईट.

प्रश्न: ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे किट (आतले रबरी वॉशर) चारही चाकांना नवे टाकले. आता ब्रेक सोडला तरी चाकं धरून राहतात, आंबोली उतरताना ड्रम हात लावू देत नाहीत. किट डुप्लिकेट निघाले का? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर: असतीलही, पण किटला शिव्या घालण्याआधी मिस्त्रींना विचारा की सिलिंडर कशानं धुतले. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलनं धुतले असतील, किंवा ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिन ऑइलचा थेंब गेला असेल, तर अस्सल कंपनीचा वॉशरही फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये हे इतक्या सर्रास चालतं की ‘रबर खराब निघालं’ म्हणून परत आलेले बरेच किट मुळात निर्दोष असावेत.

चाक धरलेलं असताना जॅकवर उचला आणि ब्लीडिंगचा (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा) निपल सोडा. चाक मोकळं झालं तर दाब मागे अडकलाय. मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला १-२ मिमी मोकळीक नसेल, आत वॉशर फुगून परतीचं बारीक भोक बुजलं असेल, किंवा ब्रेकची रबरी होज आतून फुगली असेल. निपल सोडूनही चाक धरलेलंच राहिलं, तर दोष त्याच चाकात. तिथला वॉशर काढून न वापरलेल्या वॉशरशेजारी ठेवा आणि व्हर्नियरनं मोजा. फुगलेला असेल तर एक बदलून भागत नाही. मास्टरपासून चाकांपर्यंतचे सगळे वॉशर आणि होज काढा, नळ्या स्पिरिटनं धुऊन हवेनं वाळवा, मग सीलबंद डब्यातलं ब्रेक ऑइल भरा. आपल्या दमट हवेत उघडा डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. कोरड्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ओल धरलेल्याचा १४०पर्यंत उतरतो. घाटात ऑइल उकळलं की तो फरक पायाला कळतो. सिलिंडरला आत खड्डे पडले असतील तर घासत बसू नका. कोल्हापूरला उद्यमनगरात चांगल्या लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह घालून घ्या. जुनं ओतीव सिलिंडर आणि नवी स्लीव्ह, हे काम आज मिळणाऱ्या बऱ्याचशा नव्या सिलिंडरपेक्षा सरस होतं.

प्रश्न: नवा क्रोम बंपर एका पावसाळ्यात गंजला. परत तोच घ्यावा का? (वाचक, मालवण)

उत्तर: नको. स्वस्त बंपरवर क्रोमच्या खाली निकेलचा थर नावापुरता असतो. क्रोम स्वतः सच्छिद्र, त्यामुळे खारी हवा थेट पत्र्यापर्यंत पोचते. जुना बंपर वाकडा असला तरी पत्रा जाड असतो. तो सरळ करून तांबं, निकेल आणि क्रोम अशा तिन्ही थरांचं प्लेटिंग करून घ्या. प्लेटिंगवाला बंपरची मागची बाजू कोरी सोडतो, तिथे झिंक प्रायमर आणि रंग मारायला विसरू नका, कारण गंज तिकडूनच सुरू होतो.