कार्व्हर यांचे टस्कीगी हे गाव आज पाहण्यासारखे आहे का?

आपण विचारले आहे की अटलांटाला मुलीकडे गेल्यावर एक दिवस काढून अलाबामातील टस्कीगीला जावे का, कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या संग्रहालयाखेरीज तिथे काही उरले आहे का, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील अशा लहान गावात लोकजीवन कसे असते. जावे, हे पहिले उत्तर. मोटारीने सुमारे दोन तासांचा रस्ता आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझी जुनी जखम उघडली, कारण तोच प्रश्न माझ्या मेहुण्यांनी माझ्याच घरी बसून विचारला होता आणि त्यावरून आमचे आजतागायत पटलेले नाही.

मी तिथल्या विद्यापीठात कृषिविषय शिकवत असे. मेहुणे सहकुटुंब आले, संग्रहालय पाहिले, कार्व्हर आणि त्या विद्यापीठाचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या थडग्यांपाशी फोटो काढले आणि मग आम्ही न्यायालयाच्या चौकात आलो. अनेक दुकानांना टाळे, पाट्यांचा रंग उडालेला, मधोमध 1906 साली उभारलेला, अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूच्या सैनिकाचा पुतळा. ते म्हणाले, "भाऊजी, एका माणसाने भुईमुगावर गाव वर काढले आणि ह्या लोकांनी ते घालवले."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाईंना सगळी गल्ली नावाआधी 'मिस' लावूनच हाक मारत असे. त्यांनी आम्हा सर्वांना प्रार्थनेनंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवायला बोलावले. तिकडे कोलार्ड नावाची पालेभाजी बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून तासन्‌तास शिजवतात. माझी पत्नी मांस खात नाही हे लक्षात ठेवून बाईंनी तिच्यासाठी नुसत्या कांद्यावर आणि लाल मिरचीवर केलेली भाजी वेगळ्या छोट्या पातेल्यात आणली होती, आणि झाकणावर कागद चिकटवून 'हिला कोणी हात लावू नये' असे बजावले होते. मक्याच्या पावाबरोबर ती खाताना मेहुण्यांनी चौकातल्या बंद दुकानांचा विषय पुन्हा काढला. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांतली कित्येक तर आम्हीच बंद पाडली."

त्यांनी सांगितले ते इतिहासात नोंदलेले आहे, पण आपल्याकडच्या कार्व्हरभक्तांच्या कानावर सहसा आलेले नसते. टस्कीगी ज्या मेकन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येते तिथे दहापैकी आठांहून अधिक माणसे कृष्णवर्णीय होती, तरी मतदार म्हणून नोंदणी करून घेणारे अधिकारी त्यांना वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवत. एवढे करूनही शहरात सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदार झाले, तेव्हा 1957 साली राज्याच्या विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. चौकोनी गावाची 28 बाजूंची वेडीवाकडी आकृती झाली. चार-पाच जण वगळता सगळे कृष्णवर्णीय मतदार आणि वॉशिंग्टन यांनी उभी केलेली अख्खी संस्था, म्हणजेच आजचे विद्यापीठ, हद्दीबाहेर गेली, गोरा मतदार मात्र एकही गेला नाही. त्याच जूनमध्ये बटलर चॅपल या चर्चमध्ये प्रचंड सभा भरली आणि गोऱ्यांच्या दुकानांतून खरेदी बंद करण्याचे ठरले. बाई तेव्हा शाळकरी होत्या. शेजारच्या तीन घरांचे सामान एकाच गाडीत भरून आणायला वडील दर शनिवारी मॉन्टगोमेरीला जात आणि पिठाच्या पिशव्या मांडीवर घेऊन पोरे परत येत, असे त्या सांगत होत्या.

हे टस्कीगीतच का जमले, याचे उत्तर भुईमुगात नाही, पगारात आहे. 1923 साली तिथे माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचे मोठे रुग्णालय उघडले आणि कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या धमक्यांना न जुमानता तिथले डॉक्टर-परिचारिका कृष्णवर्णीयच असतील असे झगडून मिळवले गेले. रुग्णालय आणि संस्था मिळून शेकडो कुटुंबांची चूल गावातल्या गोऱ्या सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या मर्जीवर पेटत नव्हती. बाईंचे वडील त्या रुग्णालयातच नोकरीला होते. संस्थेत समाजशास्त्र शिकवणारे चार्ल्स गोमिलियन यांनी या लोकांना संघटित केले आणि हद्दीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 14 नोव्हेंबर 1960 रोजी निकाल एकमताने त्यांच्या बाजूने लागला. 1963 मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र करण्याचा आदेश आला, तेव्हा गोऱ्या पालकांनी मुले काढून खाजगी शाळा काढली आणि पुढे पुष्कळ जण गाव सोडून गेले. दुकानांना टाळे का, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. उरलेले गिऱ्हाईक महामार्गावरून शेजारच्या ऑबर्न शहरातल्या मोठ्या दुकानांकडे गेले, जसे जगातल्या सगळ्या लहान बाजारपेठांचे जाते.

मेहुण्यांचे म्हणणे तरीही हेच की कार्व्हर नसते तर काही झाले नसते. माझे स्पष्ट मत असे की आपल्याला संतचरित्र वाचायची सवय आहे आणि गाव वाचायची नाही. पीनट बटरचा शोध कार्व्हर यांनी लावला नव्हता. त्यांची खरी थोरवी कापसाने निकस झालेल्या जमिनीत शेंगवर्गीय पिके आलटून-पालटून घ्यायला गरीब कुळांना शिकवण्यात, त्यांना कळतील अशा पत्रिका लिहिण्यात आणि 1906 पासून त्यांच्या दारापर्यंत अवजारांची गाडी पाठवण्यात आहे. मी विदर्भातल्या कापूसवाल्यांच्या घरचा आहे, मला त्याची किंमत कळते. पण ते 1943 साली वारले, आणि मताचा हक्क त्यानंतर गावाने स्वतः मिळवला.

एक गोष्ट माझ्याही म्हणण्याला छेद देते, ती सांगितली पाहिजे. पगारदारांचे हे बळ खेड्यांतल्या कुळांपर्यंत नेहमी पोचले नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने 1932 ते 1972 या काळात याच काउंटीतल्या सुमारे 600 पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास केला, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही रुग्णांना ते दिले नाही, आणि त्या कामी गावातल्या संस्था व सुशिक्षित कृष्णवर्णीयांचीही मदत झाली. म्हणून त्या रविवारच्या हॉलमध्ये डॉक्टरचा विषय निघाला की खेड्यांकडून आलेली म्हातारी माणसे गप्प होत. अशा गावचे लोकजीवन आपण विचारले आहे, तर ते बव्हंशी याच हॉलमध्ये चालते: बारसे, मयताचे जेवण, निवडणुकीचे डावपेच, सगळे तिथेच.

संग्रहालयाच्या वेळा आधी पाहून घ्या. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे घर आणि कृष्णवर्णीय वैमानिक जिथे तयार झाले ते मोटन फील्ड विमानतळ सहज पाहून होते. मात्र मेहुण्यांसारखा हाती जेमतेम तास असेल तर थडगी राहू द्या आणि बटलर चॅपलपाशी थांबा. वॉशिंग्टन यांनी 4 जुलै 1881 रोजी पहिला वर्ग त्याच चर्चच्या आश्रयाने भरवला होता. मेहुण्यांना मी तिथे गाडी थांबवतो म्हणालो, तेव्हा त्यांना अटलांटाच्या मॉलला उशीर होत होता.