भागाकारातलं शून्य

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाचवीच्या वर्गात तू ‘माझे ध्येय’ असा तक्ता लावलास, प्रत्येकाने हौसेने आपली चिठ्ठी चिकटवली, आणि तीन आठवड्यांत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. म्हणून तू खट्टू झालीस. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही असाच तक्ता लावला होता. चव्वेचाळीस पोरं आणि त्यातली एकोणीस कलेक्टर! तू तक्ता काढू नकोस, राहू दे. लेकरांची स्वप्नं आहेत ती. पण कलेक्टर व्हायचं म्हणून उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे दहा वर्षांच्या जिवाला कुठून कळणार? आणि वर आपणच त्याला म्हणतो, ध्येय ठरवलंस ना, मग अभ्यासाची जबाबदारी घे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. भागाकार म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. एकदा त्याला जवळ घेऊन बसले. ६१२ भागिले ६. सहा एके सहा, बरोबर. मग १ खाली घेतला, भाग जाईना, म्हणून लगेच २ पण खाली ओढला. बारा झाले. सहा दुणे बारा. उत्तर लिहिलं १२. म्हणजे पाढे येत होते, वजाबाकी येत होती. भाग गेला नाही तिथे शून्य मांडायचं तेवढं राहत होतं. ‘मला भागाकार येत नाही’ म्हणत वर्षभर फिरणाऱ्या पोराचं दुखणं एवढंसं होतं.

मी उत्तर दुरुस्त करून दिलं नाही. म्हटलं, आता बाराला सहाने गुण बघू. ७२ आले. तो वहीकडे बघतच राहिला. “बाई, सहाशे कुठं गेलं?” त्या आठवड्यात त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, ‘भागाकारातलं शून्य इसरायचं न्हाई. गुनून बघायचं.’

एवढ्या वर्षांत मुलांनी लिहिलेलं याहून चांगलं ध्येय माझ्या वाचनात नाही. त्यातलं दुसरं वाक्य बघ. उत्तर बरोबर की चूक, हे कळायला त्याला आता माझी गरज उरली नव्हती. मुलांवर जबाबदारी टाकायची तर तपासायची किल्ली आधी त्यांच्या हातात द्यावी लागते. ती आपल्याच लाल पेनात ठेवून ‘जबाबदार हो’ म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून सोमवारी प्रत्येकाला शेवटच्या पानावर तीन ओळी लिहायला सांग. कुठे अडतंय, या आठवड्यात काय करणार, आणि जमलं हे मला कसं कळेल. तिसऱ्या ओळीपाशी सगळी अडखळतील. ‘मन लावून अभ्यास करीन’ असं लिहितील. तेव्हा रागावू नकोस, शेजारी बस. ‘धडा न अडखळता वाचीन, शेजारणीला ऐकवीन’ इथपर्यंत ती आली की पुरे. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ज्याने त्याने आपलं पान बघायचं. तू शेरा मारायचा नाहीस.

इथे माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, ती तुझ्याकडून होऊ नये. एका मुलाने ‘जमलं’ लिहिलं आणि विचारल्यावर त्याला काहीच येईना. मी त्याला सगळ्या वर्गासमोर खोटारडा म्हणाले. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांच्या पानांवर ‘जमलं’! एकही खरं नव्हतं. ‘जमलं नाही’ असं लिहायची भीती एकदा बसली की ते पान मेलं समज. मला तो विश्वास परत मिळवायला दिवाळीपासून मार्चपर्यंत वेळ लागला.

माझे वडील रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचं ब्रीदवाक्य तुलाही पाठ असेल. लोक त्याचा अर्थ कमवा आणि शिका एवढाच घेतात. वडील मात्र आम्हाला ‘अभ्यास झाला का?’ असं कधी विचारत नसत. ‘आज कुठं अडलं?’ असं विचारत. अडलेलं सांगितलं की पुढचा प्रश्न, ‘मग आता काय करणार?’ उत्तर आम्हीच द्यायचं. पालकसभेत हे दोन प्रश्न आयांना सांगून बघ.

शिष्यवृत्तीच्या सरावाचंही तेच. पेपरात ७५ प्रश्न, वेळ दीड तास. आपण सराव संचांवर संच सोडवून घेतो आणि गुण मोजतो. त्यापेक्षा एक संच सोडवला की चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुलालाच लिहू दे: येत नव्हतं, नीट वाचलं नाही, की घाई झाली. दोनतीन संचांत आपला रोग कोणता ते त्याचं त्यालाच दिसतं.

आता तू विचारलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांविषयी. कारखाना सुरू झाला की तुझ्याकडेही येतील. मराठवाड्यातून आलेली एक मुलगी चौथीत माझ्याकडे बसायची, मांडीवर धाकटा भाऊ. आई-बाप पहाटेच फडात जायचे. कोपीवरचं, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीतलं, पाणी, भाकरी, भाऊ सगळं तिच्याकडे. अशा लेकराला आपण जबाबदारी काय शिकवणार? तिला फक्त स्वतःसाठी काही ठरवायची सवड कुणी दिली नव्हती. मी विचारलं, तुला काय यायला हवं? ती म्हणाली, “बाई, गाडीच्या वजनाची चिठ्ठी वाचता आली पायजे. पट्टा पडायच्या आत.” पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं.

चिठ्ठीवर २.४५० टन असं लिहिलेलं असायचं. चौथीला दशांश कुठले? तरी आम्ही तिथूनच सुरुवात केली. २ टन आणि ४५० किलो. ती चिठ्ठ्या वहीला टाचून ठेवायची आणि शनिवारी बापाला आठवड्याची बेरीज सांगायची. जमलं हे कळायची खूण तिनेच ठरवली होती: बेरीज मुकादमाच्या वहीशी जुळली पाहिजे. एकदा जुळली नाही, तेव्हा तिने तीन वेळा परत केली आणि मग बापाला घेऊन मुकादमाकडे गेली. चूक त्याच्या वहीत निघाली.

तेव्हा पोरी, तुझ्या वर्गात अशी मुलं आली की ‘चारपाच महिन्यांची पाहुणी’ म्हणून त्यांना मागच्या बाकावर बसवू नकोस. पहिल्याच सोमवारी त्यांना वही दे.

आणि पुढच्या पत्रात, तुझ्या वर्गातला तो गप्प बसणारा मुलगा पहिल्या शुक्रवारी काय लिहितो ते मला जसंच्या तसं कळव. त्याचं शुद्धलेखन सुधारू नकोस.

तुझी,
बाई