मनात भरलेली जुनी गाडी थोडक्यात हातची गेली, असं तुमच्याबाबतीत कधी झालंय का?

झालंय ना! बडोद्यात दांडिया बाजारच्या एका वाड्यात 1968 ची फियाट 1100 डिलाइट उभी होती. स्टिअरिंगवरचा गिअर टाकला की लोण्यासारखा पडायचा. फक्त गाडीच्या दारांच्या उंबऱ्याखालचा पत्रा गंजला होता, बोट लावलं की पापुद्रे निघायचे.

भाव ठरला, पण आई म्हणाली, "पितृपक्षात नवी वस्तू घरात नको." गाडी नवी कुठाय, हे तेव्हा सुचलंच नाही! गाडीच्या मालक काकांना म्हटलं, घटस्थापनेला येतो. गेलो तर अंगणात तेलाचा काळा डाग तेवढा राहिलेला. सुरतेचा कोणी रोख देऊन घेऊन गेला. काकांना दोष देत नाही; बयाणा मीच दिला नव्हता.

तुमच्या नजरेत अशी गाडी असेल तर आरसी बुक आणि चासी नंबर जुळवा आणि त्याच दिवशी बयाणा देऊन चिठ्ठी लिहून घ्या. आणखी एक, पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमानुसार 20,000 रुपयांत ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण मग ती रोज भाजी आणायला काढता येत नाही. मला तर तेच करायचं होतं.